१,९६० मेगावॅटची कोयना चोवीस तास का चालवत नाहीत?

तुम्ही पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट, जलाशय १०५ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), वीज राज्यातल्या सर्वांत स्वस्त विजेपैकी. मग उन्हाळ्यात विजेची ओढाताण चालू असताना कोयना पूर्ण ताकदीने चोवीस तास का चालवत नाहीत? आणि पावसाळ्यात सहा दरवाजे उघडून तेच पाणी नदीत का सोडून देतात? जोडीला खाली गेलेलं पाणी परत वर उचलण्याबद्दल आणि भूकंपाबद्दलही तुम्ही विचारलंय. माझ्या नोकरीचा मोठा काळ पोफळी आणि अलोरे इथल्या कोयनेच्या वीजगृहांत संच चालवण्यात गेला, त्यामुळे हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकलेला आहे. विचारणाऱ्याचा सूर बहुतेक वेळा असा असतो की यात कुणाचा तरी आळस किंवा डाव आहे. तसं काही नाही. हिशेब मांडला की बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी उत्तर. कोयनेचे सगळे संच पूर्ण भाराने अखंड चालवले तर वर्षभराच्या वाट्याचं पाणी साधारण दोन महिन्यांत संपेल. १,९६० हा आकडा एका क्षणाला किती जोर लावता येतो तेवढंच सांगतो. वर्षात एकूण किती वीज निघेल हे पाण्यावर ठरतं. तोटी मोठी बसवली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही.

आता कारणं. त्यासाठी नकाशा डोळ्यांपुढे आणावा लागेल. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सरळ पूर्वेला जात नाही. ती सह्याद्रीच्या माथ्याला समांतर, दक्षिणेकडे वाहत राहते. हेळवाकपाशी एकदम काटकोनात पूर्वेला वळते, पाटणवरून कराडला येते आणि प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. ही दक्षिणेकडची लांबलचक धाव म्हणजेच प्रकल्पाचं मूळ आहे. या पट्ट्यात नदीचं खोरं समुद्रसपाटीपासून जवळजवळ सहाशे मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेची डोंगररांग ओलांडली की खाली थेट कोकण. मध्ये काही किलोमीटरचा खडक. आपल्या वाटेने गेलं तर हे पाणी सांगली, कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. बोगदा खणून पश्चिमेला वळवलं तर तेच पाणी पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात जातं.

ही जागा टाटांच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच हेरली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत तो विचार मागे पडला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये सरकारने काम सुरू केलं आणि १९६२ मध्ये पोफळीचा पहिला संच फिरला. रबल काँक्रीटचं धरण पायापासून १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून थोडं अधिक लांब आहे. त्यामागे शिवसागर जलाशय थेट तापोळ्यापर्यंत पसरला. त्याच्याखाली आणि काठावर शंभरच्या आसपास गावांची जमीन गेली. तिथली माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली, आणि त्यांच्यातल्या अनेकांचे जमिनीचे आणि नागरी सुविधांचे प्रश्न आजही आंदोलनात आहेत. स्वस्त वीज म्हणताना ही किंमत त्या दरात धरलेली नसते, एवढं इथेच नोंदवतो.

टप्पे पटकन सांगतो. पहिला आणि दुसरा टप्पा पोफळीला, डोंगराच्या पोटात, एकाच भूमिगत वीजगृहात. चार संच ७० मेगावॅटचे, चार ८० चे, मिळून ६००. तिथून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडी धरणात अडवून पुन्हा खाली सोडतात, तो अलोऱ्याचा तिसरा टप्पा, ३२० मेगावॅट, १९७५ ते ७८ च्या दरम्यान सुरू झालेला. चौथा टप्पा १९९९-२००० मधला, २५० मेगावॅटचे चार संच, एकट्याची क्षमता १,०००. आणि पूर्वेला, धरणाच्या पायथ्याशी एक छोटं वीजगृह. कागदोपत्री कुठे १,९५६ तर कुठे १,९६० लिहिलेलं दिसतं, तो फरक या पायथा वीजगृहाचा: कुणी त्याला ३६ धरतं, कुणी ४०.

आता आकडेमोड. ही कुणीही कागदावर करून पाहावी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एवढं पाणी पावणेपाचशे मीटर खाली सोडलं आणि भुयार, टर्बाइन, जनित्र यांची मिळून ८८ टक्के कार्यक्षमता धरली, तर सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज मिळते. तेच पाणी कोळकेवाडीतून आणखी शंभर-एकशे दहा मीटर उतरतं, त्याची पाऊण कोटी. म्हणजे पश्चिमेकडे गेलेल्या एका टीएमसीला चार कोटी युनिट. आमच्याकडे हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो.

पश्चिमेकडे वर्षाला किती पाणी वळवता येतं? ६७.५ टीएमसी. त्याहून अधिक नाही. चारने गुणलं की २७० कोटी युनिट. पश्चिमेकडचे १,९२० मेगावॅट वर्षभर अखंड चालले असते तर सुमारे १,६८० कोटी युनिट झाले असते. म्हणजे पाणी आहे ते सहाव्या हिश्शापुरतं. दिवसाच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण भाराला कोयना दिवसाला सव्वा टीएमसीच्या जरा खाली पाणी पिते. ६७.५ ला त्याने भागा, अठ्ठावन्न-साठ दिवस येतात.

दुसऱ्या बाजूनेही बघा. महाराष्ट्राची उन्हाळ्यातली मागणी आता २५ हजार मेगावॅटच्या पुढे जाते. तेवढी मागणी दिवसभर राहिली तर एका दिवसाला ६० कोटी युनिट लागतात. कोयनेचं वर्षभराचं उत्पादन म्हणजे राज्याची साडेचार दिवसांची भूक. तेव्हा ‘कोयना चालवून भारनियमन टाळा’ ही मागणी ज्या अर्थाने केली जाते, त्या अर्थाने ती पुरी होऊच शकत नाही. राज्याची रोजची वीज कोळशावर आणि आता वाढत्या प्रमाणात सौर, पवनवर चालते. कोयनेचं काम वेगळं आहे.

त्या कामाकडे येण्यापूर्वी ६७.५ चा उलगडा करायला हवा, कारण बहुतेकांना वाटतं ही मर्यादा जलाशयाची किंवा यंत्रांची आहे. ती कायद्याची आहे. कृष्णा आंतरराज्यीय नदी. तिच्या पाण्याचा वाद बच्छावत लवादापुढे गेला, १९७३ मध्ये निवाडा आला आणि १९७६ मध्ये तो राजपत्रात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी आले. कोयनेतून खोऱ्याबाहेर, म्हणजे पश्चिमेला, किती पाणी न्यायचं यावर वेगळं बंधन घातलं आणि ते टप्प्याटप्प्याने ६७.५ वर आणलं. खालच्या राज्यांच्या बाजूने पाहिलं तर यात तर्क आहे. सिंचनाला दिलेल्या पाण्याचा काही भाग झिरपून नदीत परत येतो. पश्चिमेला गेलेलं पाणी कृष्णेच्या दृष्टीने कायमचं गेलं.

हा हिशेब १ जून ते ३१ मे असा चालतो. त्यामुळे मे महिन्यात आमच्याकडे एक चमत्कारिक परिस्थिती असते. एखाद्या वर्षी कोटा शिल्लक असतो पण धरणात पाणी नसतं, एखाद्या वर्षी पाणी असतं पण कोटा संपत आलेला असतो. उरलेला कोटा पुढच्या वर्षात ओढता येत नाही. १ जूनला पाटी कोरी, पण बहुतेक वर्षी जलाशय तेव्हाच सर्वांत खाली असतो आणि सगळ्यांचं लक्ष नवजा, कोयनानगर आणि महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकांकडे लागलेलं असतं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस लागला की बरं. नाही लागला तर एकेक युनिट घेण्यापूर्वी विचारणा होते.

आणि ज्यांना पूर्वेला पाणी हवं आहे त्यांचा दावा खोटा नाही. कराडच्या खाली टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आहेत. आटपाडीचं डाळिंब आणि तासगावची द्राक्षबाग याच पाण्यावर आहे. पायथा वीजगृहातून ते पाणी नदीत सोडतात, दोन्ही संच चालले की २,१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला २,१०० घनफूट. या वाटेने एका टीएमसीला, जलाशय भरलेला असतानाही, जेमतेम पन्नास लाख युनिट मिळतात. पश्चिमेच्या तुलनेत आठवा हिस्सा. वर त्याच पाण्याला कराडच्या खाली पंपांनी अनेक टप्प्यांत पुन्हा उचलायचं असतं, त्याला वीज लागते ती निराळीच. निव्वळ विजेचा माणूस हे ऐकून हळहळतो. पण दुष्काळी वर्षात, २०२३ सारखा पाऊस ओढ देतो तेव्हा, वीजनिर्मितीच्या वाट्याचं पाणी कापून सिंचनाला आणि पिण्याला द्यावं लागतं आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. विजेला कोळसा आहे, ऊन आहे, बाजारातून घेतलेली वीज आहे. जतच्या विहिरीला दुसरं काही नाही.

आता कोयनेचं खरं काम. विजेची मागणी दिवसभर सारखी नसते आणि वीज साठवून ठेवायची सोय ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, अजून फार थोडी आहे. मागणी आणि उत्पादन प्रत्येक क्षणी जुळलं पाहिजे, नाहीतर फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली-वर सरकते. औष्णिक केंद्राचा थंड बॉयलर पेटवून संच भारावर यायला कित्येक तास लागतात आणि आला की तो एका ठरावीक भाराखाली उतरवता येत नाही. कोयनेचा बंद संच काही मिनिटांत ग्रिडला जोडता येतो. म्हणून कोयना राखून ठेवतात, आणि ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून फोन आला की चालवतात. आम्ही त्याला अजून ‘कळवा’ म्हणतो. कळव्याचा फोन म्हणजे आज्ञा: चौथ्या टप्प्याचा एक संच घ्या, शंभर मेगावॅट कमी करा, पोफळीची दोन मशीन बंद करून ठेवा.

पूर्वी सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन शिखरं असत. आता दुपारी सौरवीज मुबलक येते, कृषिपंपांचा भार दिवसा हलवला जातोय, आणि सूर्य मावळताच हजारो मेगावॅट एकदम निघून जातात, नेमके घरोघरी दिवे-पंखे लागण्याच्या वेळी. त्या उतारावर कोयना उभी करतात. म्हणजे दुपारी दोन वाजता संच बंद दिसले म्हणून पाणी फुकट पडून आहे असं समजू नका. ते सात वाजण्याची वाट पाहत आहे. दुपारच्या आणि संध्याकाळच्या युनिटची किंमत बाजारात सारखी नसते, हे वीज खरेदीचे दर पाहणाऱ्याला ठाऊक असतं.

हा लवचिकपणा किती कामाचा असतो याचं सगळ्या देशाने पाहिलेलं उदाहरण ५ एप्रिल २०२० चं. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन होतं. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच परत वर गेली. औष्णिक संचांना एवढी उडी झेपली नसती. देशभरातल्या जलविद्युत केंद्रांनी आधी उत्पादन चढवून ठेवलं, मग काही मिनिटांत साडेसतरा हजार मेगावॅट उतरवले आणि पुन्हा चढवले. ग्रिड सांभाळलं गेलं ते प्रामुख्याने यामुळे.

काही मिनिटांत चढ-उतार हे बोलायला सोपं आहे. जलाशयापासून निघालेलं भुयार काही किलोमीटर लांब आहे आणि त्यात हजारो टन पाणी वेगाने येत असतं. खाली चार मशीन एकदम ट्रिप झाल्या, म्हणजे अचानक बंद पडल्या, तर त्या पाण्याने जायचं कुठे? झडप झटकन लावली तर दाबाचा असा दणका बसेल की पोलादी नळ फाटेल. म्हणून भुयाराच्या शेवटी, पाणी खाली झेपावण्याआधी, सर्ज शाफ्ट म्हणजे उभी विहीर असते. पाणी तिच्यात वर चढतं, खाली येतं, पुन्हा चढतं आणि हळूहळू शांत होतं. ते हेलकावे शमायच्या आत पुन्हा भार घेण्याची घाई करायची नसते. हे नियमांत लिहिलेलं असतंच, पण कळव्याच्या दोन फोनांच्या मध्ये ते लक्षात ठेवणारा शिफ्ट इंजिनिअर असावा लागतो.

पोफळीची टर्बाइन पेल्टन जातीची आहेत. नोझलमधून सुटलेली पाण्याची धार ताशी ३४० किलोमीटरच्या आसपास वेगाने चाकाच्या वाट्यांवर आदळते. अचानक भार गेला की नोझलची सुई एकदम बंद करत नाहीत. आधी डिफ्लेक्टर नावाचं पातं आडवं येऊन धार चाकावरून बाजूला वळवतं, त्यामुळे चाकाचा वेग आवाक्यात राहतो, आणि सुई मागाहून सावकाश बंद होते. साधीच युक्ती आहे, पण तिच्यामुळे पेल्टनचा संच चालवणं सोपं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात फ्रान्सिस जातीची टर्बाइन आहेत, ती पाण्यात बुडून फिरतात. फ्रान्सिस टर्बाइन अर्ध्या भारावर थरथरते, त्यामुळे ती एकतर नीट भाराला ठेवावी किंवा बंद करावी. चौथ्या टप्प्यातले २५० चे संच ‘थोडे थोडे’ चालवून ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा त्या ड्राफ्ट ट्यूबपाशी, म्हणजे टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या नळापाशी, उभं राहून यावं.

सगळ्यांत अडचणीची जागा मात्र कोळकेवाडी. वरून पोफळी आणि चौथा टप्पा, दोन्हींचं पाणी तिथे येतं. शिवसागराचा साठा महिन्यांच्या हिशेबाचा, कोळकेवाडीचा तासांच्या हिशेबाचा. वरची सगळी यंत्रं पूर्ण भाराला गेली तर, माझ्या आकडेमोडीनुसार, सेकंदाला ३८० घनमीटरच्या घरात पाणी खाली येतं. तिसऱ्या टप्प्याचे चारही संच त्यातलं सुमारे ३३० च घेऊ शकतात. म्हणजे संध्याकाळचे काही तास पातळी वर चढणारच. म्हणून शिखराच्या आधी अलोऱ्याने कोळकेवाडी रिकामी करून ठेवायची आणि वरचं पाणी थांबल्यावर रात्री उशिरापर्यंत चालत राहायचं. अलोऱ्याचा एखादा संच दुरुस्तीला असेल तर वरच्यांचे हात बांधले जातात. पातळी फार चढली तर कोळकेवाडीचे दरवाजे उघडावे लागतात, तेवढी वीज गेली आणि वाशिष्ठीचं पाणी वाढलं. पेल्टनचं चाक हवेत फिरायला हवं असतं, त्यामुळे खालचं पाणी मागे चढणं पोफळीलाही चालत नाही. सगळे संच एकाच वेळी पूर्ण भारावर तासन्‌तास ठेवायचे नसतात ते यामुळेही. पाण्याचा कोटा कितीही वाढवून दिला तरी ही अडचण राहीलच.

अलोऱ्यातून सुटलेलं पाणी म्हणजे कोयनेचं अवजल. चिपळूण शहराचं पिण्याचं पाणी आणि लोटे, खडपोलीचे कारखाने बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून आहेत. निर्मिती काही दिवस बंद राहिली की चिपळूणला नळ आटतात, ही गोष्ट घाटावरच्या लोकांना सहसा माहीत नसते. उरलेलं समुद्राला जातं. ते मुंबईला न्यावं, कोकणात फिरवावं, परत वर उचलावं, अशा सूचना अनेक वर्षं चालू आहेत. परत वर उचलण्याबद्दल तुम्हीही विचारलंय. आत्ताचे संच एकदिशाच आहेत, पेल्टन उलटं फिरवून पंप होत नाही. आणि खालचा साठा कोळकेवाडीएवढाच. त्यासाठी वेगळी यंत्रं, वेगळी भुयारं लागतील. घाटघरला २५० मेगावॅटची उदंचन योजना, म्हणजे खालचं पाणी पंपाने परत वर चढवणारी योजना, २००८ पासून आहे, ती मुळातच तशी बांधली. पुढे सौरवीज वाढेल तशी अशा योजनांची गरज वाढणार, पण कोयनेला पंप जोडला की झालं, इतकं ते सोपं नाही.

लेक टॅपिंग, म्हणजे भरलेल्या जलाशयाला तळातून नवं तोंड पाडणं, याबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करतो. चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयातून नव्याने पाणी घ्यायचं होतं आणि तो रिकामा करणं शक्य नव्हतं. तेव्हा नॉर्वेत विकसित झालेली पद्धत वापरली. भुयार खालून जलाशयाच्या तळापर्यंत खणत न्यायचं, शेवटी काही मीटर खडक झाकणासारखा ठेवायचा, त्याच्या खाली तुकडे साठायला खड्डा करायचा आणि मग तो खडक स्फोटाने उडवायचा. दगड खड्ड्यात पडतो, पाणी भुयारात शिरतं. १३ मार्च १९९९ ला हे केलं, आशियातलं पहिलं म्हणून त्याची नोंद आहे. पुन्हा २५ एप्रिल २०१२ ला दुसरं टॅपिंग झालं. दुसऱ्याने कोयनेची क्षमता वाढली असं बरेच जण समजतात. मेगावॅट तेवढेच राहिले, ६७.५ ही तेवढेच. फायदा इतकाच की पहिल्या तोंडातून जलाशय सुमारे ६३० मीटर पातळीपर्यंत उतरेस्तोवर पाणी घेता येत होतं, दुसऱ्यामुळे ६१८ पर्यंत घेता येतं. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा विजेची सर्वाधिक गरज असते, तेव्हा चौथा टप्पा पाण्याअभावी बंद ठेवावा लागत नाही. हा फायदा लहान नाही.

राहिले दरवाजे. वर दिलेल्या ३८० घनमीटरचे क्युसेक केले तर साडेतेरा हजारांच्या आसपास होतात. पश्चिमेची सगळी यंत्रं मिळून याहून जास्त पाणी घेऊ शकत नाहीत, आणि जुलै-ऑगस्टच्या जोरदार पावसात जलाशयात येणारं पाणी लाख क्युसेकच्या वर जातं. पाणलोट क्षेत्र नऊशे चौरस किलोमीटरच्या आत, पण वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस पाडणारं. सगळे संच अहोरात्र फिरवले तरी त्या लोंढ्याचा लहानसा हिस्सा वळतो. शिवाय पश्चिमेला नेलेला थेंब पावसाळ्यात असो वा उन्हाळ्यात, कोट्यात मोजला जातो. जुलैत दुपारी, मागणी थंड असताना, कोटा जाळायचा आणि एप्रिलच्या संध्याकाळी हात हलवत बसायचं, हे शहाणपणाचं नाही. आणि दरवाज्यातून गेलेलं पाणी वाया गेलं असं सांगलीच्या खालचा शेतकरी म्हणणार नाही.

मग आधीच रिकामं का करत नाहीत? कारण धरण १५ ऑक्टोबरला भरलेलंही हवं असतं. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची याचा परिचालन आराखडा असतो: जुलैत जागा ठेवायची, सप्टेंबरअखेर भरायचं. हवामान खात्याचा अंदाज आता बराच सुधारलाय, तरी पाऊस सह्याद्रीच्या नेमक्या कोणत्या खोऱ्यात कोसळेल हे दोन-तीन दिवस आधी ठामपणे सांगता येत नाही. २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. त्या पुराचं खापर बरेच जण एकट्या कोयनेवर फोडतात. वारणा, पंचगंगा, आणि धरणाच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पडणारा पाऊस यांच्यावर कोणताच दरवाजा नसतो, हे त्या चर्चेत हरवतं. पण हेही खरं की जलाशय शिगोशीग भरलेला असेल तर चालवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही, जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. म्हणून जुलैअखेर थोडी जागा मोकळी ठेवण्याच्या बाजूने मी आहे, मग एखाद्या वर्षी धरण चार-पाच टीएमसीने कमी भरलं तरी चालेल.

पुराचं पाणी कोकणात वळवा, ही सूचना तर सांगलीकरांनी करावी आणि चिपळूणकरांनी ऐकावी! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, त्यानंतर कोळकेवाडीतून किती पाणी सुटलं यावर बराच वाद झाला. अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली की वाशिष्ठीत वरून एक घागरही नको असते. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना पाऊस एकाच वेळी पडतो, ही या योजनेची न सुटणारी गोष्ट आहे.

भूकंपाचा तुम्ही उल्लेख केलाय, म्हणून थोडक्यात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, दोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, मुंबईचे कारखाने विजेविना थांबले. धरणाला वरच्या भागात आडवे तडे गेले, ते दुरुस्त करून मागून काँक्रीटचा जाड टेकू दिला, आणि सांडव्याचा भाग पुढे या शतकात बळकट केला. जलाशय भरण्या-उतरण्याशी इथल्या धक्क्यांचा संबंध आहे हे आता जगभर मान्य आहे. कराडला त्याच अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि तिच्यासाठी तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेतलेलं आहे. रोजच्या निर्मितीवर याचा परिणाम एवढाच की जलाशय किती झपाट्याने भरतो आणि उतरतो यावर नजर ठेवली जाते.

आता पुढच्या वेळी बातमी वाचाल तेव्हा. ‘कोयना धरणात ९५ टीएमसी, पातळी अमुक फूट, आवक अमुक क्युसेक’ असं छापून येतं. ९५ मधून आधी तळाचे पाच वजा करा, ते वापरता येत नाहीत. पूर्ण पातळी २,१६३ फुटांच्या आसपास, आणि १०५ टीएमसी ही क्षमताही सांडव्यावरच्या दरवाज्यांना झडपा जोडल्यानंतरची आहे, मूळ ९८.७८ होती. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडल्याची बातमी असेल तर ते सिंचनाचं किंवा पुराआधीचं पाणी, मोठी वीज तिथे होत नाही. ‘वीजनिर्मिती बंद’ एवढंच दुपारच्या बातमीत असेल तर रात्री नऊचा आकडा बघा. आणि उन्हाळ्यात कोयना किती चालेल याचा अंदाज बांधायचा असेल तर साठ्याच्या आकड्यावर थांबू नका. १ जूनपासून पश्चिमेकडे किती टीएमसी गेलं हा आकडा शोधा. ६७.५ मधून तो वजा करा, चारने गुणा. मेअखेरपर्यंत जास्तीत जास्त तेवढे कोटी युनिट शिल्लक आहेत, धरणात पाणी कितीही दिसो.